अष्टमीचं पाणी

परशुराम कोळ्यानं सत्तर वर्षांत पाण्याबद्दल एकच वाक्य चुकीचं उच्चारलं. तेही कोरड्या खडकावर बसून, डोक्याला रुमाल गुंडाळून, सुनेनं सोललेलं संत्रं हातात धरून. ते वाक्य परत गिळता आलं असतं तर त्यानं संत्र्याच्या बियांसकट गिळलं असतं. पण बोललेलं कुणाला गिळता आलंय आजवर? बस मीरा रोडहून निघाली तेव्हा तिच्यात एकतीस माणसं होती, आणि परतली तेव्हा तीस. मधली गोष्ट ही अशी.

भाईंदरच्या कोळीवाड्यात एके काळी परशुरामच्या शब्दाला वजन होतं. भरती-ओहोटी त्याच्या बोटांच्या पेरांवर असायची. कोळ्यांचं गणित सोपं: जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी दाराशी येतं. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी आळसावलेलं, फार चढत नाही की फार उतरत नाही. होड्या काढायच्या आधी लोक त्याच्या ओट्यावर येऊन विचारून जायचे.

मग बायको कृष्णाबाई गेली, होडी विकली, आणि मुलगा स्वरूप त्याला मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत आपल्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर घेऊन आला. स्वरूप ऑफिसात नोकरीला, सून ममता क्लासेस घ्यायची, नात पिंकी चौथीत. माणसं चांगली हो, म्हाताऱ्याला काही कमी नाही. पण विचारतो कोण त्याला? एकदा स्वरूपनं मोबाइलवरून पापलेटं मागवली. परशुरामनं कल्ले उघडून पाहिले आणि म्हणाला, "हे शिळं हाय." स्वरूप म्हणाला, "बाबा, पॅक्ड आहे, तारीख छापलीये त्याच्यावर." आता बोला. मासळीवर तारीख छापतात तिथं कोळ्याला काय किंमत राहणार? परशुरामनं तो मासा मुकाट्यानं खाल्ला, आणि ते त्याच्या मनात कायमचं रुतून बसलं.

तर त्या नाताळच्या सुट्टीत केबिन रोडवरच्या एका ट्रॅव्हलवाल्याबरोबर हे चौघं बारा दिवसांच्या दक्षिणेच्या टूरला निघाले. देवळं, धबधबे, समुद्र, चहाचे मळे, सगळं एका दमात. बसचा मॅनेजर जितेंद्र, सदा घाईत, सदा फोनवर. आणि परशुरामच्या मागच्या सीटवर शुभदाताई. शाळेची लायब्ररी सांभाळून रिटायर झालेल्या, बिनलग्नाच्या, नया नगरच्या अलीकडे भाचीबरोबर राहणाऱ्या. त्यांच्या मांडीवर लाल पुठ्ठ्याची वही. कुठल्या देवळाला किती खांब, कुठली चटणी तिखट, सगळं त्या वहीत जायचं. पिंकीची आणि त्यांची पहिल्याच दिवशी गट्टी जमली.

दुसऱ्या दिवशी गोकर्ण. दत्तजयंतीची पौर्णिमा. जितेंद्रनं इडल्यांची पातेली हौसेनं वाळूत मांडली होती. परशुराम काठी टेकत आला, ओल्या-कोरड्या वाळूची रेघ पाहिली आणि म्हणाला, "ही उचल इथनं. सव्वाअकराच्या आत पानी त्या दगडापर्यंत येल."

"आबा, समुद्र कुठे, आपण कुठे," जितेंद्र हसला.

पण शुभदाताईंनी पातेलं उचललं, मग बाकीच्या बायकांनीही उचलली. साडेदहाला शेजारच्या एका टूरच्या चपला, पिशव्या, एक प्लास्टिकची खुर्चीसुद्धा तरंगायला लागली. आपली मंडळी वर बसून इडल्या खात ती गंमत बघत होती. सव्वाअकराला पाणी बरोब्बर त्या दगडाला टेकून थांबलं. शुभदाताईंनी वहीत लिहिलं: 'आबा म्हणतात, तिथीची पाऊणपट.'

पुढे कन्याकुमारी. समुद्रातल्या खडकावर नेणाऱ्या बोटीसाठी ही मोठी रांग. परशुरामनं लाटांकडे नजर टाकली आणि म्हणाला, "उगा उन्हात उभं ऱ्हाऊ नका. आज बोट सोडायचे न्हाईत." पंधरा मिनिटांत भोंग्यावरून घोषणा झाली, बोटी बंद. त्या दिवशी बसमध्ये चढताना स्वरूपनं बापाचा दंड धरला आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

साधा प्रश्न, पण पंधरा वर्षांत स्वरूपनं बापाला असं काही विचारलं नव्हतं. परशुरामनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते. सत्तरीतल्या माणसाला मुलानं मान दिला की त्याच्यासारखं सुख नाही, आणि त्याच्यासारखी धुंदीही नाही.

तिथून मग आबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सकाळचा चहा हातात आला की कुणीतरी विचारायचंच, "आबा, आज पाणी काय म्हणतंय?" अहो, मदुराईत विचारलं, जिथं समुद्राचा वासही नाही. परशुराम तिथंही बोटं मोजून तिथी सांगायचा, आणि लोक माना डोलवायचे. ममतानं एकदा नवऱ्याला हळूच म्हटलं, "बाबांना उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका सगळे." स्वरूप म्हणाला, "असू दे गं, किती दिवसांनी हसताहेत." त्याचं तरी काय चुकलं?

शुभदाताई मात्र मनापासून विचारायच्या. "आबा, परत गेलो की मला तुमच्या खाडीवरची ओहोटी दाखवायची हं. वीस वर्षं मीरा रोडला राहते, पण खाडी लांबूनच बघितलीये."

"या की बाई. पानी उतरताना बघाल तर चकित व्हाल," परशुराम म्हणाला. हेही वहीत गेलं.

दहाव्या दिवशी नदी आली.

नदीचं नाव बसमध्ये कुणाच्या जिभेवर बसेना. पात्र भलं रुंद, पण पाणी जेमतेम. सगळीकडे खडकच खडक, मधून गुडघाभर झरे, आणि पात्राच्या मध्यावर एक मोठा सपाट खडक. त्या खडकावर कुणी राजानं शेकडो वर्षांपूर्वी ओळीनं पिंड्या कोरल्या होत्या आणि त्यांच्यापुढं एक नंदी. बसमधून उतरताना जितेंद्रनं सांगून टाकलं, "फक्त एक तास हं मंडळी. वरच्या अंगाला डॅम आहे, पण तिथं फोटो अलाऊड नाही, म्हणून तो आपल्या पॅकेजमध्ये नाही."

धरण हा शब्द परशुरामनं ऐकला आणि सोडून दिला. त्याच्या समुद्राला कधी दार नव्हतं. पाण्याला दार असतं आणि ते कुणीतरी खोलीत बसून उघडतं, हे सत्तर वर्षांत त्याच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

काठावर एक पिवळी पाटी होती. लाल अक्षरांत तीन ओळी, त्या देशीच्या लिपीत, आणि खाली हात वर केलेल्या माणसाचं पुसट चित्र. "पोहू नका असं असेल, सगळीकडे असतंच," जितेंद्र म्हणाला आणि जेवणाच्या ऑर्डरसाठी फोन लावत निघून गेला.

परशुराम काठच्या एका खडकावर बसला. आकाश निरभ्र, ढगाचा ठिपका नाही. पण त्याला कसंसंच वाटत होतं. वाऱ्याला खारटपणा नव्हता. त्यानं वाकून बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. गोडं पाणी. त्याची जीभ गप्प राहिली. पलीकडच्या काठाच्या खडकांवर, पिंड्यांच्या कितीतरी वर, एक पांढरी रेघ दिसत होती, पाणी कधीतरी तिथवर चढल्याची. पावसाळ्यातली असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. त्याच्या आत कुणीतरी सांगत होतं, परशुराम, हे आपलं पाणी नव्हे. पण ते मोठ्यानं सांगायचं कसं? एकतीस माणसांचा आबा झालेला माणूस 'मला ठाऊक नाही' असं म्हणतो का कधी?

"आबा," शुभदाताई समोर उभ्या. एका हातात वही, दुसऱ्या हातात पिंकीचा हात. "त्या पिंड्यांपर्यंत जाऊन येऊ का आम्ही? पाणी वाढणार नाही ना?"

मागून स्वरूप आला. त्यानंही विचारलं, "बाबा, पिंकीला पाठवू का? तुम्ही सांगाल तसं."

तुम्ही सांगाल तसं. झालं. परशुरामनं संत्र्याची फोड तोंडात टाकली, अंगठा पेरांवरून फिरवला आणि म्हणाला, "आज अष्टमी. भांगाचं पानी. त्यातून बारा वाजत आले, म्हंजे सुकती, पुरी ओहोटी. सहापर्यंत पानी फार चढायचं न्हाय. जा बिनधास्त."

शुभदाताईंनी उभ्या उभ्या ते वहीत टिपून घेतलं, वही पर्समध्ये टाकली आणि पर्स ममताकडे दिली. मग दोघी खडकांवरून पाय टाकत निघाल्या. पिंकी पुढे, ताई मागे. पिंकीच्या फ्रॉकचा निळा रंग लांबवर दिसत होता.

खालच्या अंगाला चार बायका कपडे धूत होत्या. परशुराम बघत होता तोच त्या एकदम उठल्या आणि ओले कपडे तसेच न पिळता उचलून काठावर चढल्या. जेवायची वेळ झाली असेल, परशुरामला वाटलं. एक माणूस टोपलीसारखी गोल होडी डोक्यावर घेऊन भराभरा वर येत होता. त्याचीही जेवायची वेळ. आणि तेवढ्यात वरच्या अंगाकडून भोंगा वाजला. लांबलचक, एकदा, दोनदा, तीनदा.

बघा, हे भाईंदरच्या माणसाचं दुर्दैव. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, आणि दुपारी बाराला तिथं भोंगा होतो, जेवणाच्या सुट्टीचा. परशुरामनं तो आवाज आयुष्यभर ऐकला होता. त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाराला पाच कमी होते. 'ह्यांचा भोंगा पाच मिनिटं पुढं हाय,' असं तो स्वतःशीच पुटपुटला.

होडीवाला त्याच्यापाशी येऊन थांबला आणि काहीतरी ओरडला. एक अक्षर कळलं नाही. त्यानं मग पाटीकडे बोट केलं, नदीच्या वरच्या अंगाकडे केलं, आणि मधल्या खडकावरचा निळा फ्रॉक दिसताच तोंडावर हात मारला. तेव्हा परशुरामनं खाली पाहिलं. मघाशी त्याच्या चपलेपासून हातभर लांब असलेलं पाणी चपलेच्या आत आलं होतं. काही आवाज न करता आलं होतं. ते गढूळ होतं आणि त्याच्यावर वाळकी पानं गोल गोल फिरत होती.

अष्टमीला, बाराच्या सुकतीला, पाणी चढत होतं.

"पिंके," तो ओरडला, "परत फिर." पण मधले झरे आता झरे राहिलेच नव्हते. मघाशी ज्या दगडांवर पाय टाकत त्या दोघी गेल्या, ते दगड एकामागून एक नाहीसे होत होते. मग आवाज आला, जड, घरघरणारा, वरच्या वळणामागून. स्वरूप धावत पाण्यात शिरला, त्याला तिघांनी धरून मागे ओढलं. ममता काठावर नुसती उभी, छातीशी दुसऱ्याची पर्स धरून.

परशुरामला कुणी धरलं नाही, कारण तो आधीच पाण्यात होता. उधाणाच्या लाटेत होडी फिरवलेला माणूस तो. पण समुद्राची लाट येते तशी परतही जाते, माणसाला श्वास देते. हे पाणी एकाच दिशेनं रेटत होतं, थांबायला तयार नव्हतं. त्यानं चार हात मारले आणि पाण्यानं त्याला उचलून दोन खडकांच्या बेचक्यात आपटलं. गुडघा फुटला. तिथं अडकून तो बघत राहिला, कारण बघण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

होडीवाल्यानं आपली टोपली परत पाण्यात टाकली आणि तीत उडी घेतली. पहिल्या खेपेला ती खडकाला चुकून पुढे गेली. त्यानं कशी वळवली देव जाणे, दुसऱ्या खेपेला ती खडकाला घासली. शुभदाताई नंदीला पाठ लावून उभ्या होत्या, पिंकीला कडेवर घेऊन. नऊ वर्षांची पोर, साठीच्या बाईनं कडेवर घेतलेली. त्यांनी पिंकीला होडीत जवळजवळ फेकलीच. होडीवाल्यानं वल्ह्याचं टोक त्यांच्याकडे केलं, त्यांनी हात लांब केला, आणि मधल्या मध्ये पाण्यानं होडी दूर नेली.

खडकावर आता शुभदाताई एकट्या. पाणी त्यांच्या गुडघ्यांना लागलं होतं. पिंड्या दिसेनाशा झाल्या होत्या. त्यांनी बेचक्यातल्या परशुरामला पाहिलं आणि तोंडाशी दोन्ही हात धरून विचारलं, "आबा, कधी उतरेल?"

त्यांचा अजून विश्वास होता हो. पाणी कमरेला येत होतं आणि बाई त्यालाच विचारत होती.

"मना ठाव न्हाय," परशुराम ओरडला. "बाई, मना ठाव न्हाय." अर्ध्या तासापूर्वी जे वाक्य बोलायला हवं होतं, ते त्यानं आत्ता पुन्हा पुन्हा उच्चारलं. पण त्या घरघरीत त्याचं त्याला ऐकू येत नव्हतं, तर बाईंना कुठून येणार? तो बघत असताना एक आडवं लाकूड वाहत आलं. त्यानंतर नंदीपाशी कुणी नव्हतं.

नवमीला त्या चार मैल खाली सापडल्या. भाची शालू विमानानं आली, तिथंच अग्नी दिला. परतीच्या प्रवासात बसमध्ये कुणी गाणी लावली नाहीत. परशुरामला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. सकाळी चहाचा कप हातात यायचा, गुडघा कसा आहे विचारायचे, आणि पाण्याचं नाव कुणी काढायचं नाही. स्वरूप शेजारी बसून मोबाइल बघत राहायचा. पिंकी आईच्या मांडीत तोंड खुपसून असायची, ती आजोबाशी बोलत नव्हती. दोन शिव्या दिल्या असत्या कुणी तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

द्वादशीला संध्याकाळी शालू पूनम सागरला आली. ममतानं पाणी दिलं, ते तिनं तसंच ठेवलं. पर्समधून लाल वही काढून तिनं परशुरामच्या पुढ्यात ठेवली, शेवटच्या लिहिलेल्या पानावर उघडून. सुरेख, वळणदार अक्षर. 'अष्टमी. भांग. बाराला सुकती. सहापर्यंत पाणी फार चढणार नाही. – आबा.' शेवटच्या शब्दाखाली रेघ मारलेली.

परशुराम ते वाचून मान खाली घालून बसला. आता ही काय बोलेल ते ऐकायला तो तयार होता. ऐकायचंच होतं त्याला.

पण शालू म्हणाली, "मावशीला तुमच्या खाडीवर ओहोटी बघायची होती, वहीत लिहिलंय तिनं. अस्थी नाशिकला न्यायच्या ठरल्या होत्या, पण मग वाटलं, इथंच सोडाव्यात. पाणी बाहेर जात असताना सोडतात ना, म्हणजे परत काठाला येत नाहीत?" तिनं वही मिटली. "उद्या ओहोटी कधी लागते?"

उद्या त्रयोदशी. तेराची पाऊणपट, पावणेदहा. दहाला पाणी फिरणार आणि दुपारपर्यंत बाहेर जाणार. मनानं हे आकडे आपोआप मांडून ठेवले, त्याला न विचारता. आणि हे त्याचंच पाणी होतं, भाईंदरच्या खाडीचं, तिथं तो कधी चुकला नव्हता.

"मना ठाव न्हाय," परशुराम म्हणाला.

स्वरूपनं खिशातून मोबाइल काढला आणि बघून सांगितलं, "पावणेदहाच्या सुमाराला भरती पूर्ण होते, असं दाखवतंय."

त्रयोदशीला उजाडताच परशुराम लंगडत खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसला. शेवटच्या पायरीच्या फटीत त्यानं आपली काठी रोवली आणि पाणी तिच्यावर चढताना बघत राहिला. साडेनऊला शालू कलश घेऊन आली. स्वरूप, ममता आले. पिंकीही आली, पण वरच्या पायरीवरच उभी राहिली, आईचा पदर मुठीत धरून. पावणेदहा झाले. दहा झाले. पाणी काठीवर जिथं होतं तिथं थबकलं, मग काठीची एक बोट ओली जागा उघडी पडली. मग चार बोटं. धक्क्याजवळचा कचरा सावकाश तोंड वळवून समुद्राकडे निघाला.

"आबा, सोडू?" शालूनं विचारलं.

परशुरामनं पाण्यात हात घातला, बाहेर काढला, परत घातला. तो काठीवरची नजर हलवत नव्हता.

वरच्या पायरीवरून पिंकी म्हणाली, "आबा, उतरलं." नदीनंतरचा तिचा त्याच्याशी पहिला शब्द.

सगळ्यांना दिसत होतं. पायरीवरचं ओलं शेवाळ उघडं पडलं होतं, चिखलाची कड दिसायला लागली होती. शालूनं कलशाचं फडकं सोडायला घेतलं, तसा परशुरामनं तिचं मनगट धरलं.

"अजून थोडं थांबा," तो म्हणाला. "बघू दे मना."

आणि ती सगळी माणसं तशीच थांबली, पाणी चांगलं हातभर खाली जाईपर्यंत.